हाडं उकरायची वेळ येऊ देऊ नका



खैरलांजीचा निकाल लागला, जन्मठेपा झाल्या, आता पुन्हा काय उकरता, असं मला शहाणे लोक विचारतात. उकरावं लागतं. कारण खैरलांजीत माती खरोखरच उकरावी लागली होती.

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. भोतमांगे घरातली चार माणसं, आई, मुलगी आणि दोन मुलगे, जमावानं मारली. प्रेतं कालव्यात फेकली. पहिलं पोस्टमार्टेम असं उरकलं की पुरलेली प्रेतं काही दिवसांनी बाहेर काढून पुन्हा करावं लागलं. पाण्यात आणि मातीत कातडी-मांस आधी जातं. शेवटी उरतं हाड.

हाड बरंच सांगतं. जिवंत माणसाचं हाड ओलं असतं. मार बसला की ते आधी लवतं, मग तिरकं फाटतं. मातीत वर्षानुवर्षं सुकलेलं हाड खडूसारखं तुटतं, आणि तुटलेली कड फिकी दिसते. मार खाऊन माणूस काही आठवडे जगला असेल तर कडा गोलावतात, नवं हाड धरतं. कुऱ्हाड खाच पाडते. काठी-दगडानं कवटी आत दबते आणि भेगा चहूकडं पळतात. दुसऱ्या घावाची भेग पहिल्या भेगेपाशी येऊन थांबते, म्हणून आधीचा घाव कोणता तेही कळतं. डोकं वाचवायला हात वर केला तर कोपराखालचं, करंगळीच्या बाजूचं हाड मोडतं. पडूनही ते मोडू शकतं, म्हणून एकट्या हाडावर निकाल देता येत नाही. पण 'विहिरीत पडला', 'गाडीनं उडवलं' ही ठरलेली वाक्यं हाडापुढं तपासून बघता येतात.

आता हाड काय सांगत नाही ते ऐका. बलात्कार हाडावर उमटत नाही. गळा दाबल्याची खूण दरवेळी हाडावर राहत नाही. आणि मारणाऱ्यानं जात बघून मारलं, हे कुठल्याच कवटीच्या भेगेत लिहिलेलं नसतं. खैरलांजीचंच बघा. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जण दोषी धरले, सहांना फाशी सुनावली. २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशीची २५ वर्षांची जन्मठेप केली. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम ठेवली. खून शाबीत झाले. अ‍ॅट्रॉसिटी झाली नाही. कोर्टानं त्याला सूड म्हटलं. बलात्काराचं कलम तर आरोपपत्रातच नव्हतं. चार मुडदे मोजले गेले, जात मोजली गेली नाही.

अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ लष्करानं हजारो माणसं गायब केली, बेनाव कबरीत पुरली. सुरुवातीला या कबरी बुलडोझरनं उकरल्या, हाडांची खिचडी झाली. १९८४ मध्ये क्लाइड स्नो हा अमेरिकन हाडतज्ज्ञ तिथं गेला. त्याच्या हाताखाली कोण आलं? कॉलेजातले पोट्टे आणि पोट्ट्या! ब्रशनं माती झाडत, एकेक हाड नोंदवत ते शिकले. १९८५ मध्ये जनरलांवरच्या खटल्यात स्नोनं त्या हाडांवर साक्ष दिली. सरकार गाडतं ते तरणी पोरं बाहेर काढू शकतात.

आपली पोरं आज मेडिकलला शिकतात, मेयोला शिकतात. त्यांना माझं सांगणं आहे : फॉरेन्सिककडं मुडद्यांचं खातं म्हणून पाठ फिरवू नका. आपल्या माणसांचे मुडदे तिथंच येतात. आणि बाकीच्यांनो, बातमी आली की पहिल्याच दिवशी गावात पोचा. पंचनामा वाचल्याशिवाय नातेवाइकांना सही करू देऊ नका. पोस्टमार्टेमचं चित्रण लेखी मागा. अ‍ॅट्रॉसिटीचा तपास डीवायएसपीच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, हे ठणकावून सांगा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, कलम १५-अ मध्ये तसा हक्क आहे. शिव्या कोणी, कोणत्या, कुणासमोर दिल्या, ते साक्षीदाराकडून त्याच दिवशी नोंदवून घ्या. जात तिथं सापडते, हाडात नाही.

मोर्चा नंतर काढू. तो काढायचाच आहे. पण मोर्चाच्या आधी पंचनाम्याला हजर राहा.