उग्र वास आणि शुद्ध पाणी

गेल्या हिवाळ्यांत आम्ही अमेरिकेंत न्यू जर्सी येथें चिरंजिवांकडे होतों. तेथें पुष्कळ घरांच्या अंगणांत ऊन पाण्याचें कुंड असतें; त्यास हॉट टब म्हणतात. एके दिवशीं त्यांतील पाण्यास क्लोरीनचा उग्र वास येऊं लागला. नाक हेंच प्रमाण मानून, औषध फार झालें आहे, तें कांहीं दिवस बंद ठेवावें, असा सल्ला आम्हीं दिला. आणि वडिलांचा शब्द म्हणून तो पाळला गेला. पुढें नात त्यांत खेळली, आणि दोन दिवसांत तिच्या पाठीपोटावर तांबडें पुरळ उठलें. हें स्यूडोमोनास नांवाच्या जंतूचें काम, असें डॉक्टरांनीं सांगितलें. चिरंजिवांनीं परीक्षेची कागदी पट्टी पाण्यांत बुडविली, तों क्लोरीन जवळजवळ नव्हतेंच!

घामांतील नत्रयुक्त द्रव्यांशीं क्लोरीनचा संयोग झाला म्हणजे क्लोरामाइन होतें. उग्र वास त्याचा. म्हणजे वास हें औषध अधिक झाल्याचें नव्हे, खर्ची पडल्याचें लक्षण. ऊन पाण्यांत तें लवकरच खर्ची पडतें.

म्हणून पट्टीवर विसंबावें आणि क्रम पाळावा. प्रथम अल्कता, म्हणजे सामू स्थिर राखण्याची पाण्याची शक्ति, दहा लक्ष भागांत ८० ते १२० असावी. उणी पडल्यास खाण्याचा सोडा घालावा. मग सामू, ज्यास पी. एच. म्हणतात, तो ७.० ते ७.८ राखावा, चढल्यास सोडियम बायसल्फेटनें उतरवावा. सामू ७.५ असतां क्लोरीनचा सुमारें निम्मा अंश प्रबळ जंतुनाशक रूपांत असतो. ८ झाला कीं जेमतेम पाव. शेवटीं मोकळें क्लोरीन निदान ३ भाग असावें. अम्ल व क्लोरीन कधींही एकत्र मिसळूं नये. विषारी वायु निघतो. पाणीहि ४० अंश सेल्सिअसहून अधिक तापवूं नये.

ही हेळसांड पुरळावरच थांबते असें नाहीं. १९९९ सालीं नेदर्लंड्समध्यें बोवेनकार्स्पेल येथील पुष्पप्रदर्शनांत मांडलेल्या अशाच कुंडाच्या तुषारांतून लीजिओनेला जंतु पसरले आणि वीसाहून अधिक माणसें दगावलीं.

नातीचें पुरळ आठवड्याभरांत निवळलें. आम्हांस कोणी कांहीं बोललें नाहीं; मात्र परत निघेपर्यंत रोज पट्टी बुडविण्याचें काम सूनबाईंनीं आमच्याकडेच सोंपविलें होतें.