पिकाची राखण बिबट्याच्या गळ्यात घालू नका

तान्हाजी मालुसऱ्यांच्या उमरठला जा, नाहीतर पोलादपूर-महाडच्या कुठल्याही डोंगरवाडीत. शेतकऱ्याचं पहिलं गाऱ्हाणं रानडुकरांचं. त्यावर निसर्गप्रेमींचं ठरलेलं उत्तर असतं : बिबट्याला राहू द्या, तो डुकरं आवरील. बिबट्या राहावा असं मलाही मनापासून वाटतं. पण हे आश्वासन खोटं आहे. उद्या ते फसलं की शेतकऱ्याचा राग बिबट्यावरच निघेल.

याला दाखला अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा देतात. तिथं १९९५ साली लांडगे सोडले तेव्हा त्यांच्यापुढे रानातली हरणं होती, गोठे नव्हते. आपल्याकडचं चित्र अकोले तालुक्यात दिसतं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिथल्या बिबट्यांची विष्ठा तपासली. त्यांच्या आहारात वजनाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९. बिबट्याला लपायला अकोल्यासारखा ऊस इथं नाही, हे मान्य; पण मोकाट कुत्री आणि दार नसलेले गोठे इथंही आहेतच. सुळेवाला डुक्कर अंगावर येतो, दाव्याला बांधलेली शेळी येत नाही. बिबट्या जीव कशाला धोक्यात घालील? शिवाय डुकरांना बळ दिलं ते आपणच. माणसं मुंबईला गेली, डोंगरउतारावरची वरकस शेतं ओस पडली, नाचणी-वरी सुटली आणि तिथं घाणेरी-करवंदीच्या जाळ्या माजल्या. डुकरांनी दिवसा त्यात दडायचं, रात्री खालच्या भातात उतरायचं.

‘मग बिबटेच पकडून लांब सोडा’ म्हणणाऱ्यांनी जुन्नर आठवावं. तिथं माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते. पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर ते सतरावर गेले.

बिबट्याला डुकरांकडे, भेकरांकडे वळवायचं तर आधी सोपी शिकार बंद व्हायला हवी. गोठ्याला छप्पर आणि घट्ट दार हवं. गावाचा उकिरडा आवरला तर कुत्री कमी होतील. आणि फासक्या! डुकरासाठी लावलेल्या फासकीत भेकरही मरतं, बिबट्याही. चांदोलीच्या जंगलात वाघांना भक्ष्य म्हणून सागरेश्वरहून चितळं नेऊन सोडावी लागली; इथं निदान आहे ते भेकर तरी राखू या. पिकाची राखण मात्र माणसालाच करावी लागेल, एकेकट्याने नव्हे तर वाडीने मिळून, सामाईक कुंपण घालून.

पोलादपूर-महाडच्या ग्रामसभांनी पिंजऱ्याची मागणी सोडावी. बंद गोठ्यांसाठी आणि सामाईक कुंपणासाठी पैसा मागावा, आणि मेलेल्या शेळीची भरपाई वेळेवर मिळेपर्यंत वन खात्याचा पिच्छा सोडू नये.