थेंबाचे गणित आणि कृष्णविवर

2008 च्या सप्टेंबरात जिनिव्हाजवळचे महाकाय आघातयंत्र सुरू झाले, तेव्हा कृष्णविवर पृथ्वी गिळणार अशी हाकाटी आपल्या दूरचित्रवाणी वाहिन्यांनी केली होती. पृथ्वी जागच्या जागी आहे. परंतु अशा प्रयोगांशी कृष्णविवराचा जो खरा संबंध आहे, तो वाचकांस सांगण्याची तसदी वृत्तपत्रांनीही घेतली नाही. हा दोष आम्ही आमच्याकडेही घेतो.

तो संबंध गणिताचा आहे. न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकहेवन येथे 2000 साली सोन्याची अणुकेंद्रके एकमेकांवर आदळवून प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळविण्यास आरंभ झाला. सुमारे 4 लाख कोटी अंश तापमानास मुक्त झालेल्या क्वार्क व ग्लुऑन यांचा वायू मिळेल, अशी बहुतेकांची अपेक्षा होती. 2005 मध्ये जाहीर झाले ते निराळेच: हा द्रव आहे, आणि तोही जवळजवळ घर्षणरहित! कणाकणांतील ओढ इतकी प्रबळ, की नेहमीची गणितपद्धती तेथे हात टेकते.

येथे हुआन मालदासेना यांनी 1997 मध्ये मांडलेले द्वैत कामास आले. (हा शब्द वाचून कोणी वेदान्ताकडे धाव घेऊ नये.) प्रबळ ओढीच्या काही क्षेत्रसिद्धान्तांतील अवघड प्रश्न एक मिती अधिक असलेल्या विश्वात गुरुत्वाकर्षणाचा सोपा प्रश्न बनतो. तप्त द्रवाच्या जागी तेथे कृष्णविवर येते. द्रवाचा चिकटपणा काढायचा, तर ते विवर गुरुत्वलहरी किती शोषते हे पाहावयाचे. कोव्हतुन, सोन व स्टारिनेट्स यांच्या 2005 च्या निबंधात चिकटपणा आणि एन्ट्रॉपीची घनता यांचे गुणोत्तर, योग्य एककांत, सुमारे 0.08 येते. पाण्याचे गुणोत्तर नेहमीच्या तापमानास त्याच्या पावणेचारशे पट भरते. ब्रुकहेवनच्या द्रवाचे अंदाज मात्र अडीच पटीच्या आत आहेत.

तथापि येथे कोणी हुरळून जाऊ नये. ज्या सिद्धान्ताचे हे गणित सुटले, तो निसर्गातील क्वार्कांचा नव्हे, त्याचा चुलत भाऊ आहे. 0.08 ही अभेद्य सीमाही नव्हे. तिच्याखाली जाणारी उदाहरणे पुढे कागदावर सापडली. उसन्या मापाने घेतलेला हा अदमास आहे, आणि प्रामाणिक शास्त्रज्ञ त्यास तेवढेच मोल देतात.

द्रवगतीची समीकरणे आइन्स्टाइनच्या समीकरणांतून पायरीपायरीने कशी निघतात, हे दाखविणारा निबंध सायंतनी भट्टाचार्य, शिराझ मिनवाला आणि त्यांच्या इंग्लंडमधील सहकाऱ्यांनी 2008 च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केला. भट्टाचार्य व मिनवाला तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. वाहिन्यांवर प्रलयाची घटका मोजली गेली, ती त्यानंतर सात महिन्यांनी.