वसुली कुणाकडून?



गेल्या आठवड्यात भाचा देवगाव रंगारीला मुक्कामी आला होता. वाळूजच्या एका कारखान्यात हिशोब खात्यात आहे. जेवताना म्हणाला, "मामा, साहेब सगळ्यांसमोर बोलले ना, की त्या दिवशी माझं काम संपलं. मग यूट्यूब, क्रिकेटचा स्कोअर, मित्रांचा ग्रुप. इज्जत त्यांनी घेतली, वेळ मी घेतो!"

हसलो खरा, पण रात्री झोप लागेना.

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील व्हिव्हियन लिम यांनी २००२ साली नेमके हेच मांडले होते. अन्याय झाला असे वाटले की नोकरदार माणूस मनात खतावणी उघडतो. मी इतके राबलो, मिळाले इतकेच; मग ऑफिसात थोडे इंटरनेट पाहिले तर बिघडले कुठे?

आपल्याकडे यावर उपाय एकच, बंधन. जुलै २०२१ मध्ये राज्य शासनानेही परिपत्रक काढले, की कार्यालयात मोबाईल गरजेपुरताच वापरा, समाजमाध्यमांवर वेळेचे भान ठेवा. शिस्त हवीच, मी मास्तर माणूस! पण दुखावलेल्या माणसाचा मोबाईल काढून घेतला, तर तो खिडकीबाहेर बघत बसेल.

माझेच सांगतो. तेव्हा इंटरनेट कुठले? टाचणवही अपुरी म्हणून हेडमास्तरांनी भर वर्गात, मुलांदेखत माझा पाणउतारा केला. तोवर ऑफ तासाला मी कच्च्या मुलांना गणित शिकवायचो. ते बंद केले आणि वर्षभर स्टाफरूममध्ये शब्दकोडी सोडवली. वाटायचे, हेडमास्तरांची बरी जिरवली. त्यांना पत्ताही नव्हता. नापास झाली ती पोरे.

चारचौघांत केलेला अपमान कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, पण तो वसूल होतो, हे साहेब लोकांनी ओळखावे. बोलायचेच असेल तर केबिनमध्ये बोलावून बोला. आणि आपणही ओळखावे, की ही वसुली साहेबांकडून होतच नाही. ती तिसऱ्याच्याच खिशातून जाते.

सकाळी भाच्याला विचारले, "त्या दिवशी तुझ्या टेबलावर बिल कुणाचं अडकलं होतं?" जरा वेळाने म्हणाला, "एका छोट्या पुरवठादाराचं. तो दोनदा येऊन गेला."

पुढे मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही.

असो. तुमच्याकडे काय अनुभव? जरूर लिहा.