विहिरीची पातळी चौथीच्या वहीत येऊ द्या

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, नागपूर यांस



नरखेड तालुक्यातल्या लहान मुलांना पाण्याबद्दल काय शिकवावं, यासाठी हे पत्र. २२ मार्चला, जलदिनी, शाळेत ‘पाणी वाचवा’ची चित्रं काढली जातात, प्रभातफेरी निघते. नळ वाहता ठेवू नये, हे पोरांना पाठ असतं. गावच्या विहिरीत आज किती पाणी आहे, हे मात्र त्यांना कुणी विचारत नाही.

हा संत्र्याचा मुलूख. इथल्या चौथीतल्या पोरालाही ताण ठाऊक असतो. आंबिया बहारासाठी बागेचं पाणी थांबवायचं, मग ताण तोडून उन्हाळाभर झाडं जगवायची, हे त्यानं घरीच पाहिलेलं असतं. ते पाणी विहिरी-बोअरचं. उपसा इतका झाला की काटोलबरोबर नरखेडही अटल भूजल योजनेत घ्यावा लागला. अशा तालुक्यात मुलाला फक्त ‘दात घासताना नळ बंद कर’ सांगणं अपुरं आहे, आणि मला ते अन्यायाचंही वाटतं. सगळ्यात जास्त पाणी शेतीला लागतं. तो हिशेब मुलासमोर मांडायचाच नाही आणि काटकसर मात्र त्याच्या पेल्यात शोधायची, हे बरं नव्हे.

३० जुलै १९९१ला वर्धा नदीच्या पुरानं आपल्या तालुक्यातलं मोवाड उद्ध्वस्त केलं, दोनशेवर माणसं गेली. पुराची गोष्ट आजी-आजोबांकडून नातवंडांपर्यंत पोचते. भूजल उतरतं त्याची गोष्ट कोण सांगणार? ते मोजल्याशिवाय दिसतच नाही.

म्हणून मोजायला शिकवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरींची पातळी घेते. त्याच महिन्यांत गुरुजींनी किंवा बाईंनी गावच्या विहिरीत टेप सोडावा. मुलांनी काठापासून दूर उभं राहून आकडा लिहावा. ऑक्टोबरचा आकडा मेच्या आकड्यातून वजा करणं चौथीच्या मुलाला जमतं. शाळेच्या १०० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर १,००० लिटर पाणी होतं, हा गुणाकारही जमतो. नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ विषय आहे, तो चांगलाच आहे. पण तोवर थांबायचं कशाला?

स्वच्छ पाण्याचंही तसंच. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर गावचा जलसुरक्षक क्लोरीनची ओटी चाचणी घेतो. ती त्यानं महिन्यातून एकदा वर्गात करून दाखवावी. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन पोचलं. रंग आला नाही तर काय करायचं, कुणाला सांगायचं, हे सात वर्षांच्या मुलीलाही कळतं. आणि वरून नितळ दिसणारं पाणी पिण्याजोगं असतंच असं नाही, हे डोळ्यांनी पाहिलं की ती घरी आईला नक्की सांगेल. जमिनीतलं नायट्रेट ना रंगानं कळत ना चवीनं, म्हणून त्याचा प्रयोगशाळेचा अहवालही शाळेच्या फळ्यावर लागावा.

यासाठी मोठा निधी लागत नाही. एक टेप, एक पर्जन्यमापक, एक वही, आणि शिक्षकांना या कामासाठी मोकळा वेळ. त्यांच्यावर आणखी एक ऑनलाइन माहिती भरण्याचं ओझं टाकू नका, ही कळकळीची विनंती. शाळा जूनअखेर उघडतील, त्याआधी आदेश काढावा. मुलांनी ऑक्टोबरमध्ये घेतलेली नोंद २६ जानेवारीच्या ग्रामसभेत त्यांनीच वाचून दाखवावी, आणि पुढच्या वर्षी किती बोअर घ्यायचे याची चर्चा त्यानंतर व्हावी.

आपला,
नरखेड तालुक्यातील एक पालक