एका सेंटचं गाणं

२००३ साली अ‍ॅपलनं ऑनलाइन गाणी विकायला काढली, तेव्हा एका गाण्याचा रेट होता ९९ सेंट. अख्खी सीडी नको, आवडलेलं एकच गाणं घ्या आणि सुटा! सगळं जग म्हणालं, काय भन्नाट आयडिया आहे. पण बॉस, आयडिया जुनीच होती. त्याच्या दीडशे वर्षं आधी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवर गाणी अशीच सुटी मिळायची. रेट? एक-दोन सेंट.

फक्त त्यात आवाज नसायचा. असायचा एक कागद. एकाच बाजूला छापलेला, कडेला नक्षी, वर एखादं चित्र आणि खाली गाण्याचे शब्द. अशा एकपानी छपाईला ब्रॉडसाइड म्हणायचे, आणि त्यावर गाणं असलं की साँगशीट. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अशी ४,२९१ साँगशीट्स जपून ठेवली आहेत. बहुतेक १८५० ते १८७० च्या दशकांतली. गेले काही वीकेंड मी तीच बघत बसलेय. टाइमपास म्हणून सुरू केलं आणि अडकलेच.

मला पहिली गंमत वाटली ती चालीची. या कागदांवर नोटेशन जवळपास नसायचंच. ते छापणं खर्चिक आणि घेणाऱ्यांपैकी ते वाचता येणारे थोडेच. मग काय करायचं, तर सगळ्यांना तोंडपाठ असलेल्या गाण्याचं नाव वर टाकायचं. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल :' असं छापलेलं असतं ना, डिट्टो तसंच. सप्टेंबर १८१४ मध्ये ब्रिटिशांनी बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर तोफा डागल्या. ते बघून फ्रान्सिस स्कॉट की या वकिलानं कविता लिहिली आणि ती लगेच एका सुट्या कागदावर छापली गेली. वर चाल दिली होती ती लंडनमधल्या एका हौशी क्लबच्या गाण्याची. म्हणजे लढाई ब्रिटिशांशी आणि चाल ब्रिटिशांचीच! १९३१ मध्ये हेच गाणं अमेरिकेचं राष्ट्रगीत झालं.

चित्रांचंही तसंच. लाकडी ठसा एकदा कोरला की छापखानेवाला तो झिजेपर्यंत वापरायचा. एकच जहाज एका कागदावर लढाईला निघालंय, दुसऱ्यावर बुडतंय. आपल्या प्रेझेंटेशनमधल्या स्टॉक फोटोंची पणजी म्हणा हवं तर.

ब्रेकिंग न्यूज, यमकासकट

टीव्ही नव्हता, तेव्हा ताजी बातमी गाण्यातून यायची. १७१८ च्या नोव्हेंबरमध्ये बोस्टन बंदरातल्या दीपगृहाचा रखवालदार बायको आणि मुलीसह बुडाला. त्यावर एका पोरानं लगेच गाणं रचलं. भावाच्या छापखान्यात उमेदवारी करणारा हा पोरगा होता जेमतेम बारा वर्षांचा. भावानं ते छापलं आणि त्यालाच गावभर विकायला पाठवलं. हातोहात खपलं! पण वडिलांनी खिल्ली उडवली. म्हणाले, कविता करणारे बहुतेक भिकेलाच लागतात. पोरानं कवितेचा नाद सोडला. पुढे तो बेंजामिन फ्रँकलिन झाला. हा किस्सा त्यानं स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलाय. करिअर कौन्सेलिंग तेव्हाही घरीच व्हायचं.

पण वडिलांचं अगदीच चूक नव्हतं. त्या कागदांवर अनेकदा कवीचं नावच नसायचं. ज्याला जे सापडेल ते त्यानं छापावं आणि विकावं. आपल्याकडे कुठलाही विनोद पुलंच्या नावावर खपतो. तिथे कुणाच्याही नावाशिवाय खपायचा. ज्याची गाणी अख्खी अमेरिका गुणगुणत होती, तो स्टीफन फॉस्टर १८६४ मध्ये ३७ व्या वर्षी गेला, तेव्हा त्याच्या पाकिटात निघाले ३८ सेंट.

'अर्ज करू नये'

आता मी जिथे थबकले, ते गाणं. 'नो आयरिश नीड अप्लाय'. न्यूयॉर्कच्या चॅटम स्ट्रीटवरच्या डी मार्सान या प्रकाशकानं १८६० च्या दशकात ते छापलं. लिहिणारा जॉन पूल, गाणारा त्या काळचा कॉमेडी स्टार टोनी पास्टर. गोष्ट साधी. नोकरीच्या शोधातला एक आयरिश तरुण जाहिरात बघतो. काम चांगलं आहे, पण शेवटी तळटीप : आयरिश लोकांनी अर्ज करू नये. पठ्ठ्या सरळ त्या मालकाला गाठतो आणि चोप देतो. लोक टाळ्या पिटत ऐकायचे, कारण ऐकणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी ती तळटीप वाचलेली होती.

मला का भिडलं सांगू? नोकरी लागल्यावर मी फ्लॅट शोधत फिरत होते. एका ब्रोकरनं बजेट विचारण्याआधी आडनाव विचारलं. मग, नॉनव्हेज खाता का? मग, एकट्याच राहणार का? आणि मग फोन आलाच नाही. तुमच्यापैकी निम्म्यांकडे असा एक किस्सा असेल. आपण त्यावर काय केलं? ग्रुपवर शिव्या घातल्या आणि पुढच्या ब्रोकरला फोन लावला. त्या लोकांनी गाणं केलं. म्हणून ती तळटीप आज आपल्याला माहिती आहे.

पण हे चित्र गोडगोड रंगवण्यात अर्थ नाही. याच साँगशीट्सच्या गठ्ठ्यात ढिगानं अशी गाणी आहेत, जी गोरे नट तोंडाला काळं फासून, गुलामांची टिंगल करत गायचे. वाचवत नाहीत. माझी मैत्रीण म्हणाली, "असला कचरा कशाला जपायचा? टाकून द्यावा." मला नाही पटलं. टाकून दिलं तर उद्या कुणीही म्हणेल, असं काही नव्हतंच मुळी. आणि त्याच यादवी युद्धाच्या काळात, त्याच छपाईच्या जोरावर, कृष्णवर्णीय सैनिकांची भरती करणाऱ्या फिलाडेल्फियाच्या समितीनं ज्युलिया वॉर्ड हाउचं युद्धगीत सुट्या कागदावर छापून वाटलं होतं. गुलामगिरी संपवणारी अमेरिका पुण्यापर्यंत पोचली होती, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते त्याच लोकांना.

एक पान उरलं, वही गेली

फिलिस व्हीटलीचं नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल. १७६१ मध्ये, साधारण सात वर्षांची असताना, तिला आफ्रिकेतून बोस्टनला आणून विकलं. फिलिस हे त्या जहाजाचं नाव, व्हीटली हे मालकाचं. म्हणजे स्वतःचं नावसुद्धा उरलं नाही. १७७० मध्ये जॉर्ज व्हाइटफील्ड हा लोकप्रिय धर्मोपदेशक वारला, तेव्हा तिनं त्याच्यावर शोककविता लिहिली. ती सुट्या कागदावर छापून विकली गेली आणि एक गुलाम मुलगी एकदम फेमस झाली. १७७३ मध्ये लंडनला तिचं पुस्तक निघालं. पुढे ती गुलामगिरीतून सुटली. १७७९ मध्ये तिनं दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात दिली, पण ते कधी छापलंच गेलं नाही. १७८४ मध्ये ती गरिबीत गेली आणि त्या पुस्तकाचं हस्तलिखितही हरवलं. चवली-पावलीचा कागद उरला, जन्मभराची वही गेली.

उरलं ते कुणाच्या तरी हट्टामुळे. आयझाया थॉमस हा मॅसॅच्युसेट्सचा बडा मुद्रक. १८१३ मध्ये त्यानं बोस्टनच्या एका गाणी विकणाऱ्याकडून तीनशेच्या वर ब्रॉडसाइड विकत घेतले आणि तीन खंडांत बांधून ठेवले. त्याला ती फार ग्रेट वाटत होती असं नाही. त्यानं नोंदच केलीय की सामान्य लोकांत सध्या काय चालतं, ते पुढच्यांना कळावं म्हणून जपतोय. आज त्याच्या त्या खंडांवर अभ्यासक तुटून पडतात.

आणि हा प्रकार एकोणिसाव्या शतकात संपला नाही. १५ सप्टेंबर १९६३ ला अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्ब ठेवला. चार मुली गेल्या. डेट्रॉइटच्या डडली रँडल या कवीनं त्यावर कविता लिहिली. आई मुलीला मोर्चाला जाऊ देत नाही, तिथे धोका म्हणून, चर्चला पाठवते. एका गायकाला तिला चाल लावायची होती. कवितेवरचा हक्क आपल्याकडे राहावा म्हणून रँडलनं १९६५ मध्ये ती एका सुट्या कागदावर स्वतःच छापली. भांडवल? लायब्ररीतल्या नोकरीच्या पगारातून काढलेले बारा डॉलर. त्यातून उभी राहिली ब्रॉडसाइड प्रेस. पुलित्झर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स यांनी १९६९ मध्ये न्यूयॉर्कची बडी प्रकाशनसंस्था असताना आपलं पुस्तक या घरगुती प्रेसला दिलं. दिवसभर ऑफिस करून केलेला उद्योग होता हा, लक्षात घ्या!

जाता जाता माझ्या मावशीचं सांगते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती फॅमिली ग्रुपवर रोज चार ओळी टाकायची. जुन्या सिनेमांच्या चालीवर, दूधवाल्यावर, मास्कवर, बंद पडलेल्या लोकलवर. शेजारचे काका गेले तेव्हाही टाकल्या, आणि त्या दिवशी कुणी हसण्याचा इमोजी टाकला नाही. पुढे तिचा फोन बिघडला, ग्रुपवरचं आपोआप डिलीट होत गेलं. आज त्यातली एक ओळ कुणाकडे नाही. तिला मात्र निम्म्या तरी पाठ आहेत. या रविवारी वही-पेन घेऊन तिच्याकडे जातेय. तिनं आधीच बजावलंय, येताना सुरमई आण, फुकट गाणार नाही.