शहाण्यांच्या घरीं एक वेडा पाहुणा

आषाढी वारीच्या दिवसांत आम्ही लोणंदास आप्तांकडे होतों. ज्ञानोबारायांची पालखी नीरा ओलांडून मुक्कामास आली, आणि पुढें तरडगांवच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबापाशीं उभें रिंगण झालें. दोन अश्व धांवले. एकावर स्वार होता. दुसऱ्याची पाठ मोकळी. त्याच्या टापांखालची माती लोक कपाळीं लावूं लागले, तेव्हां घरांतील आठ वर्षांच्या नातवानें विचारलें, "आजी, ह्याच्यावर तर कुणीच बसलेलं नाही!" आजीबाई म्हणाल्या, "माउली बसली आहे, बाळा. दिसेल तुला हळूहळू."

रात्रीं ओसरीवर हाच विषय निघाला. महाविद्यालयांत शिकणाऱ्या चिरंजीवांनीं हळूच विचारलें, "मग पवनचक्क्यांत राक्षस पाहणाऱ्या डॉन क्विक्झोटला तरी वेडा कां म्हणायचं?" आजीबाई गप्प राहिल्या. प्रश्न खोडसाळ होता, पण टाकाऊ नव्हता. त्यासाठीं आम्हीं तें पुस्तक पुन्हां हातीं घेतलें.

त्याचा कर्ता मिगेल द सर्व्हांटिस १५४७ त स्पेनमध्यें जन्मला. १५७१ च्या लेपांतोच्या आरमारी युद्धांत त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला. १५७५ त घरीं परततांना चाच्यांनीं त्यास धरून अल्जिअर्सला नेलें. तेथें पांच वर्षें बंदिवास, पळून जाण्याचे फसलेले प्रयत्न, आणि अखेर १५८० त खंडणी भरून सुटका! मायदेशीं करवसुलीची नोकरी मिळाली, तर हिशेबाच्या घोटाळ्यांत पुन्हां तुरुंग. अशा माणसानें साठीच्या उंबरठ्यावर, १६०५ त, जगाला हंसविणारें पुस्तक दिलें. त्याचा दुसरा भाग १६१५ त निघाला आणि पुढल्याच वर्षीं ग्रंथकर्ता निवर्तला.

कथा बहुतेकांस ठाऊक आहे. पन्नाशीचा एक खेडवळ सभ्य गृहस्थ वीरकथा वाचून वाचून भ्रमिष्ट होतो, हाडकुळ्या घोड्यावर बसून अन्याय निवारण्यास निघतो, आणि सांचो पांझा नांवाचा अडाणी शेजारी बेटाच्या सुभेदारीच्या आशेनें गाढवावरून त्याच्या मागें जातो. पवनचक्क्यांचा प्रसंग सर्वांस आठवतो. आम्हांस मात्र या वेळीं दुसराच एक प्रसंग बोंचला. एका पोराला झाडाला बांधून त्याचा धनी चाबकानें मारीत असतो. आमचे वीर त्याला सोडवितात, पोराची थकलेली मजुरी देण्याचें वचन धन्याकडून घेतात, आणि कृतार्थ होऊन निघून जातात. त्यांची पाठ फिरतांच धनी पोराला पुन्हां बांधून दुप्पट मारतो. पुढें भेट होते तेव्हां तो पोर हात जोडून विनवितो कीं, माझे तुकडे होत असले तरी पुन्हां मला वांचवायला येऊं नका!

आमच्या मतें चिरंजीवांच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. न दिसणारें पाहणें हें वेड नव्हे. दिसणाऱ्या माणसाकडे वळून न पाहणें हें वेड. वारींत माउली पाहणारा शेजारच्या वारकऱ्याचा फुटलेला पायही पाहतो, म्हणून ती श्रद्धा. पुस्तकांतले ध्येय घेऊन घराबाहेर पडणाऱ्या आपल्या मुलांस, आणि वडीलधाऱ्यांसही, ही कसोटी उपयोगी पडावी.

हें परकीयांचें पुस्तक, आपला काय संबंध, असें कोणी म्हणेल. पण १९३० नंतरच्या दशकांत काश्मीरच्या पंडित नित्यानंद शास्त्री व पंडित जगद्धर झाडू यांनीं त्यांतील कांहीं प्रकरणें संस्कृतांत उतरविलीं. कार्ल केलर या अमेरिकन ग्रंथसंग्राहकानें सर ऑरेल स्टाइन यांच्यामार्फत तें काम सोंपविलें होतें. पंडितांस स्पॅनिश येत नव्हतें. त्यांनीं इंग्रजी भाषांतराचा आधार घेतला. तें हस्तलिखित हार्वर्डला जाऊन पडलें आणि तब्बल आठ दशकांनंतर, २०१९ त, आपल्या पुण्यांत छापून प्रसिद्ध झालें. छापलेलें पाहण्यास दोघांपैकीं कोणीही उरलें नव्हतें. हेंही एक वेडच. पण त्यांत कोणा पोराला चाबूक बसला नाहीं.

शेवटीं डॉन क्विक्झोट शुद्धीवर येतो आणि अंथरुणास खिळतो. सुभेदारीचा मोह केव्हांच सरलेला सांचो त्याच्या उशाशीं रडत विनवितो, "धनी, मरूं नका; उठा, आपण पुन्हां रानांत जाऊं." आम्हीं हें ओसरीवर वाचून दाखविलें, तेव्हां हंसणारे चिरंजीव खालीं पाहूं लागले. आजीबाईंनीं डोळ्यांस पदर लावला आणि म्हणाल्या, "घोड्यावर कोण आहे तें त्या सांचोला दिसलं होतं हो."